सगळीच ‘खरखर’ नसते

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात लॅपटॉप दाखवायला नेला आणि “स्पीकरला खरखर आहे” म्हणालो. त्यानं जॅक पुसला, गाणं लावून ऐकवलं, आवाज स्वच्छ. घरी येऊन अॅम्प्लिफायरला जोडला तर पुन्हा तेच. रात्री सगळं शांत झाल्यावर स्पीकरला कान लावला. खरखर नव्हतीच, एकसारखं ‘घूंऽऽ’ होतं. चार्जर उपसला की गप्प! दुकानात लॅपटॉप बॅटरीवर वाजला होता, म्हणून तिथं काही आलंच नाही. चूक माझ्या शब्दाची होती.

खरखर म्हणजे तुटक, कोरडा आवाज. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना धुळीमुळं होते ती. कॉम्प्युटरवर ताण येऊन आवाजाचे तुकडे वेळेत पोचले नाहीत की होते ती तडतड. माउस हलवला की येते ती बारीक किरकिर, आतल्या सर्किटची गडबड आवाजाच्या तारेत शिरल्यानं. आवाज क्षमतेबाहेर वाढवला की तो फाटतो. मराठीत हे सगळे शब्द आहेत, पण आपण एकाच शब्दावर भागवतो.

माझं ‘घूं’ विजेचं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं 50 नाहीतर 100 हर्ट्झचा खर्ज लागतो. लॅपटॉप आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की दोन्ही अर्थिंग ऑडिओ केबलमधून जोडली जातात आणि तिथून प्रवाह फिरतो. दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्यावर माझं बंद झालं. (अर्थिंगची पिन मात्र कुणी तोडू नका, जिवाशी खेळ आहे.)

या आवाजाला शब्द कोणता?

प्रतिसाद: दादा, साऊंडवाले “हमिंग येतंय” म्हणतात. मराठीच हवा तर ‘जवारी’? मिरजेच्या तंबोऱ्यालाही तशीच झणझण असते.

उत्तर: जवारी नको. ती तंबोऱ्याच्या घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सूत सरकवून मुद्दाम काढतात, आणि तार ज्या सुरात लावाल त्या सुराबरोबर ती बदलते. हे घूं काहीही वाजवा, तिथंच.

मला ‘घुमणं’ पटतं. पारवा घुमतो तो असाच, खालच्या सुरात, न थांबता. अंबाबाईच्या देवळात घंटा घुमते तो अर्थ वेगळा, हे मान्य. पण “चार्जर लावला की घुमाय लागतंय” म्हटलं की इथं कुणालाही कळतं.