गाड्या विकायला रेसिंगवर एवढा पैसा का ओततात?

सरळगिअर:
रेसमधली गाडी आणि शोरूममधली गाडी यांचा बहुतेक वेळा एक नटबोल्टही सारखा नसतो. तरी ऑडी २०२६ च्या हंगामापासून फॉर्म्युला वनमध्ये, महिंद्रा २०१४ पासून फॉर्म्युला ई मध्ये, म्हणजे विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींत. जाहिरात म्हणून हा हिशेब बसतो कसा? 'रेसमधलं तंत्रज्ञान रस्त्यावर येतं' एवढं मोघम उत्तर नको, उदाहरण द्या.

खडीवाट:
ऑडीच घ्या. १९८० ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात त्यांची चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो आली, तेव्हा अशी गाडी म्हणजे जीप नाहीतर शेतावरची गाडी, अशीच बहुतेकांची समजूत होती. पानभर जाहिराती देऊन ती गेली नसती. ऑडीने १९८१ मध्ये गाडी जागतिक रॅली स्पर्धेत, म्हणजे कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरच्या मोटार शर्यतींत उतरवली. बर्फात आणि सुट्या खडीवर टू-व्हील ड्राइव्ह गाड्यांची चाकं जागच्या जागी फिरायची, तिथून ही सुटायची. ऑडीची चालक मिशेल मूटाँ हिने त्याच वर्षी इटलीतली सान रेमो रॅली जिंकली, १९८२ ला निर्मात्यांचं विजेतेपद आलं.

पण खरी मेख पुढे आहे. १९८६ च्या जाहिरातीत फिनलंडमधल्या कायपोलाच्या स्की-जंपवर गाडी चढवली, ती ऑडी १०० क्वाट्रो. रॅलीची गाडी नव्हे, चार दारांची घरगुती सेडान, टायरला खिळे लावलेली. रॅलीत कमावलेला विश्वास त्यांनी अशा रीतीने विकाऊ गाडीच्या नावावर करून दिला. ही दुसरी पायरी गाळली की पहिलीचा पैसा पाण्यात.

पिटबोर्ड:
यात नियमांचाही हात होता. ग्रुप बी या रॅलीच्या वर्गात उतरायला त्या मॉडेलच्या किमान २०० गाड्या बनवाव्या लागत. क्वाट्रोचं इंजिन पुढच्या ॲक्सलच्याही पुढे, त्यामुळे वळणावर नाक बाहेर जायचं. गाडी चपळ व्हावी म्हणून स्पोर्ट क्वाट्रो या आवृत्तीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३२० मिमी कापला, आणि तशा गाड्या विकायलाही काढल्या.

आता पैशाचं. रेसच्या गाडीवर आपला लोगो लावायचे पैसे मोजले म्हणजे काम झालं असं नाही. जाहिराती, डीलरकडचे कार्यक्रम, विशेष आवृत्त्या यांवर साधारण तेवढाच पैसा वेगळा काढून ठेवावा लागतो. फॉर्म्युला वनचं मूळ प्रक्षेपण जगभर एकच असतं आणि कॅमेरा झुंज चालली असेल तिकडे वळतो. अठराव्या नंबरावर एकटी पळणारी गाडी दिसतच नाही.

टोयोटा २००२ ते २००९ फॉर्म्युला वनमध्ये होती, एकही शर्यत जिंकली नाही. शिवाय कोरोला घेणाऱ्याला त्यातून काय कळणार होतं? याउलट २०२० ची जीआर यारिस रॅलीचा विचार करूनच बनवली: १.६ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, चारही चाकांना ताकद. लोक तीच गाडी शोरूममधून घेऊन जातात. माझ्या मते खर्च असाच करावा.

सरळगिअर:
मग महिंद्राचं गणित कुठे बसतं?

इन्व्हर्टर:
फॉर्म्युला ई मध्ये चासी (गाडीचा सांगाडा) आणि बॅटरी सगळ्यांना सारखीच मिळते. कंपनीच्या हातात मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग), गिअरबॉक्स आणि सॉफ्टवेअर. शर्यत ठरते ती ब्रेक लावताना किती वीज परत मिळवली आणि ती शेवटच्या फेरीपर्यंत कशी पुरवली यावर. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न रेंजचाच, म्हणजे एका चार्जवर किती अंतर जाईल हाच असतो, म्हणून धागा जुळतो.

अडचण वेळेची होती. २०१७ मध्ये बर्लिनला चालक रोझेनक्विस्टने महिंद्राला फॉर्म्युला ई मधला पहिला विजय मिळवून दिला, पण त्यांची इलेक्ट्रिक एक्सयूव्ही४०० बाजारात यायला २०२३ उजाडलं आणि बीई ६ तर २०२४ च्या नोव्हेंबरात आली. इतकी वर्षं नाव झालं, पण त्या नावावर विकायला तोडीची गाडी नव्हती. आता आहे, तर त्यांनी हे जोरात सांगायला हवं.

खडीवाट:
धागा जुळण्यात धोकाही आहे. ऑडीच्या आर१० टीडीआयने २००६ मध्ये ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, डिझेलवर ती जिंकणारी पहिली गाडी. तेच 'टीडीआय' हे डिझेल इंजिनाचं नाव रस्त्यावरच्या गाड्यांच्या मागे लिहिलेलं, त्यामुळे जाहिरातीला आणखी काही समजावत बसायची गरज नव्हती. २०१५ मध्ये ऑडी ज्यात मोडते त्या फोक्सवॅगन समूहाचा, डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत फसवणूक केल्याचा घोटाळा उघडकीस आला आणि तीच तीन अक्षरं अंगाशी आली. २०१६ चा हंगाम संपताच ऑडी ल माँमधून बाहेर पडली आणि फॉर्म्युला ई कडे वळली.