स्मार्टवॉच सोडून चावीची घडी वापरायची आहे, वावरात टिकेल का?

कास्तकार_राळेगाव:

नमस्कार मंडळी. राळेगाव तालुक्यातला आहे, घरची सात एकर, पऱ्हाटी अन् तूर, थोडं सोयाबीन. तीन वर्षांपासून हाताला स्मार्टवॉच आहे अन् आता मन पूर्ण उठलंय तिच्यावरून. उन्हात स्क्रीन दिसत नाही, हातावर हात धरून सावली करावी लागते तेव्हा कुठं टाईम दिसतो. बॅटरी आधी चार दिवस जायची, आता दुपारपर्यंतच. कंपनीवाले म्हणतात बॅटरी बदलून मिळत नाही, नवीनच घ्या. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे टाईम पाहायला हात वर केला की दोन मेसेज, एक बाजारभाव, एक कोणाचा तरी वाढदिवस, अन् किती वाजले ते पाहिलंच नाही हे मागून लक्षात येतं. डवरणी चालू असताना दहा वेळा हात थरथरतो.

घरात बाबांची एचएमटी जनता आहे. डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलंय, बाबा गेल्यापासून सहा वर्षं लोखंडी पेटीत रुमालात गुंडाळून होती. परवा काढली. चावी भरली तर चालत नाही, हलवली की दहा मिनिटं चालते अन् पुन्हा बंद. काचेवर ओरखडे, अन् डायलवर चारच्या आकड्यापाशी पिवळा डाग.

माझे प्रश्न असे की हीच दुरुस्त करू की आठ-दहा हजारात नवीन ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारी) घेऊ? चावीची घडी दिवसाला किती मागेपुढे होते? वावरात घातली तर खराब होईल का? अन् रात्रीची लाईन, म्हणजे शेतीची वीज रात्रीच, असली की मोटार चालू करायला दोन वाजता मनगटावर अलार्म वाजायचा, घरचे उठत नव्हते, ते कसं करायचं? मेकॅनिकल घडी आयुष्यात कधी वापरली नाही, त्यामुळे लहान लेकराला समजावल्यासारखं सांगा.

घडीवेडा_नागपूर:

भाऊ, सगळ्यात आधी एक काम करा, त्या घडीला चावी भरणं आजच बंद करा. हलवली की चालते याचा अर्थ बहुतेक आतलं चाक शाबूत आहे पण तेल वाळून चिकट झालंय. तशीच ओढत चालवली तर कोरड्यानं दाते अन् धुऱ्या झिजतात, मग तेलाच्या खर्चात होणारं काम पार्ट बदलण्यावर जातं.

घडीसाजाकडे गेलात की सरळ विचारा, पूर्ण खोलून साफ करणार का? काही जण मशीन न खोलताच पेट्रोलमध्ये बुडवून वाळवून देतात, महिनाभर छान चालते अन् पुन्हा तेच. पूर्ण खोलायची, प्रत्येक चाक वेगळं धुवायचं, नवीन तेल घालायचं. हे एकदा नीट झालं की चार-पाच वर्षं पाहायला नको.

आता टाईमचं. जनताचं मशीन 17 ज्वेलचं (धुऱ्या झिजू नये म्हणून बसवलेले बारीक खडे), सेकंदाला पाच ठोके टाकते, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. त्यात दिवसाकाठी 20 सेकंद इकडेतिकडे झाले तर जुन्या घडीसाठी ते उत्तम समजा. तुमची क्वार्ट्झवाली, म्हणजे क्रिस्टलवर चालणाऱ्या घडीची सवय आहे म्हणून हे जास्त वाटेल. सेलच्या घडीतला क्रिस्टल सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, त्याच्याशी बरोबरी होणार नाही. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर (एकदम अचूक घडीच्या) प्रमाणपत्रालासुद्धा दिवसाला 4 सेकंद मागे ते 6 सेकंद पुढे चालतं, अन् त्या घड्यांची किंमत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी. नव्या ऑटोमॅटिकमध्ये सेकोचं एनएच35 मशीन बऱ्याच कंपन्या वापरतात, त्याला कागदावर 20 मागे ते 40 पुढे अशी सूट आहे. म्हणजे नवीन घेतली म्हणून काटा एकदम जागेवर राहील असं काही नाही.

चावी रोज एकाच वेळी भरा, सकाळी उठल्या उठल्या. 25-30 फेऱ्यांत बटन (बाजूची चावी) घट्ट लागतं, तिथं थांबायचं, जोर नाही करायचा. फुल भरली की दीड दिवसाच्या आसपास चालते, पण रोज भरली की स्प्रिंगचा जोर सारखा राहतो अन् टाईमही सारखा राहतो.

वावराचं सविस्तर सांगतो कारण इथंच लोक चुकतात. डायलवर पॅराशॉक लिहिलं असेल बघा, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलून टाईम धरणाऱ्या चाकाच्या) बारीक धुरीला झटक्यापासून वाचवायला छोटी स्प्रिंग बसवलेली असते. चालणं, बंडीत बसणं, कापूस वेचणं, पाणी देणं, यानं काही होत नाही. पण कुऱ्हाड मारताना, ग्राइंडर, कडबाकुट्टी, पेट्रोलचा फवारणी पंप, हे हातात असताना घडी खिशातही नको, घरीच ठेवा. फवारणीच्या दिवशी तर कोणतीच घडी नको, पट्ट्यात औषध मुरतं अन् दिवसभर कातडीला लागून राहतं. अन् मे महिन्यात पारा 45 वर असताना ट्रॅक्टरच्या बोनटवर काढून ठेवू नका, तेल पातळ होऊन पसरतं.

आणखी एक, मोबाईल अन् स्पीकरजवळ रात्री ठेवू नका. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकानं एकमेकीला चिकटते, मग ती आखूड झाल्यासारखी वागते अन् घडी एका दिवसात कितीतरी मिनिटं पुढे पळते. माझी पहिली घडी मी साउंड बॉक्सवर ठेवायचो, सकाळी शाळेत लवकर पोहोचायचो अन् कारण कळत नव्हतं. बरेच घडीसाज डिमॅग्नेटायझर (चुंबकपणा काढायचं यंत्र) ठेवतात, काही सेकंदांचं काम.

बटन_दाबा_यवतमाळ:

माझं मत थोडं वेगळं आहे. बाबांची घडी दुरुस्त जरूर करा पण रोज वावरात ती नका घालू, हरवली किंवा पाण्यात गेली तर मन लागेल. जुन्या घडीत पाणी अडवायला जवळपास काहीच नसतं, अन् ओलित करताना हात कोपरापर्यंत पाटात असतो हे आपल्याला माहीत आहे. रोजच्याला एखादी ऑटोमॅटिक घ्या पण पाण्यासाठी 30 मीटर लिहिलेली घेऊ नका, ते फक्त शिंतोड्यापुरतं असतं, पोहायला तर नाहीच. 100 मीटर अन् स्क्रूचं बटन असलेली पाहा. जुनी सेको 5 कोणी स्वस्तात देत असेल तर तिच्यात 7एस26 मशीन असतं, ते हातानं चावी भरून चालत नाही, हलवूनच चालू करावं लागतं, अन् बटन ओढलं तरी सेकंद काटा थांबत नाही. नव्यात 4आर36 आहे, त्यात दोन्ही होतं. तारीखवाली असली तर रात्री 9 ते पहाटे 4 च्या मधात तारीख बदलू नका, दाता तुटू शकतो.

उपकेंद्र_ताई:

मी धारणीकडच्या आरोग्य उपकेंद्रात एएनएम (नर्स) आहे, म्हणून वेगळ्या कारणानं लिहिते. आमच्याकडे बाळाला खोकला अन् दम असला की श्वास मोजायचे असतात, पूर्ण एक मिनिट, अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करून चालत नाही कारण लहान बाळाचा श्वास मधेच थांबतो मधेच जोरात होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60 किंवा वर, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला 50 किंवा वर, अन् एक ते पाच वर्षांच्या पोराला 40 किंवा वर असले की ते जलद श्वास. हे मोजताना एक डोळा बाळाच्या पोटावर अन् एक घड्याळावर हवा. स्मार्टवॉचवर नेमकं त्याच वेळी स्क्रीन बंद व्हायचा, पुन्हा हात हलवायचा, तेवढ्यात बाळ रडायचं अन् मोजणी पहिल्यापासून. दोनदा असं झालं अन् मी ती घरी ठेवली.

आता माझ्याकडे आत्याची जुनी चावीची घडी आहे, मध्यातून फिरणारा लांब सेकंद काटा. तुम्ही 20 सेकंदांच्या फरकाची काळजी करताय ना दादा, मलाही वाटायचं. मग हिशोब केला, दिवसाला 20 सेकंद म्हणजे एका मिनिटात एका सेकंदाचा सत्तरावा भागसुद्धा नाही. माझ्या कामात ते शून्य. महिन्यातून 10 मिनिटं पुढे जाईल ते खरं, पण रोज सकाळी चावी भरताना फोन पाहून काटा लावला की झालं.

तुम्हाला बीपी, शुगरचा त्रास असेल अन् डॉक्टरांनी चालायला सांगितलं असेल तर स्मार्टवॉच फेकून नका देऊ, पावलं मोजायला चांगलीच आहे. अन् पट्टा चामड्याचा नका घेऊ. घामानं कुजतो अन् मनगटावर चट्टे येतात, मी पाहिलेत. नायलॉनचा घ्या, धुवून वाळवता येतो.

गुरुजी_अकोट:

राजेहो, जनताचं नाव वाचलं अन् लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माह्या लग्नात सासऱ्यानं मले हेच घडी देली होती, तवा नवरदेवाले एचएमटी म्हणजे मोठा मान. बंगळुरात 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं हा कारखाना सुरू झाला, अन् पुढे साऱ्या देशाच्या मनगटावर त्याच घड्या दिसत. मंग सेलच्या घड्या आल्या, टायटन आली, अन् 2016 मध्ये सरकारनं घड्याळाची कंपनी बंद कराचा निर्णय घेतला. आता जे हायेत ते हायेत.

म्हणून तुले सांगतो भाऊ, तुह्या बाबाची घडी बाजारात भेटन त्या घडीपेक्षा लय खरी हाय. ऑनलाईन निळ्या, हिरव्या, भगव्या डायलच्या जनता भेटतात ना, त्यातल्या बऱ्याच जुन्या डायल खरवडून नव्यानं रंगवेल असतात, आत तीन घड्यांचे पार्ट. घडीसाज म्हणन डायलले नवा रंग देतो, चमकवून देतो, तर हो म्हणू नोको. तो पिवळा डाग राहू दे. एकदा रंगवला की मूळ डायल परत नाही येत. काच मात्र प्लास्टिकची हाय, ते घरी टूथपेस्टनं अन् मऊ फडक्यानं घासली तरी निघते.

अन् रातच्या अलार्मसाठी मोबाईल हायच की, उशाखाली ठेव. मी चाळीस वर्षं शाळेची घंटा याच घडीवर देली, सकाळी तोंड धुतलं की पहिले चावी.

कास्तकार_राळेगाव:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण घडी तिकडेच होती.

यवतमाळला दत्त चौकाकडच्या एका म्हाताऱ्या घडीसाजाकडे नेली. विचारलं खोलून साफ करणार का, तर त्यांनी काही न बोलता डोळ्याला भिंग लावलं अन् माझ्यासमोरच मागचं झाकण उघडलं. आत तेलाचा काळा थर, अन् एका कोपऱ्यात कापसाचा एवढासा तंतू अडकलेला. चिमट्यानं काढून पांढऱ्या कागदावर ठेवला अन् म्हणाले, "तुमचे वडील कापूस वेचताना घालत होते वाटते." मी तो कागद घडी करून पाकिटात ठेवला.

स्प्रिंग बदलावी लागली, बाकी सगळं मूळचंच. डायलला हात लावू दिला नाही. काच घरी येऊन घासली, गुरुजी, दोन ओरखडे खोल आहेत ते राहिले, बाकी लख्ख झाली. नायलॉनचा पट्टा टाकला.

वहीत रोज सकाळी सहाला फोनशी ताडून लिहितोय. पहिल्या दिवशी 38 सेकंद पुढे. घडीवेडा भाऊंना वेगळा मेसेज केला होता, त्यांनी सांगितलं की रात्री ठेवायची पद्धत बदलून पाहा, प्रत्येक घडीची खोड वेगळी असते. डायल वर करून ठेवत होतो, आता पेटीवर भिंतीला टेकून उभी ठेवतो, बटन खाली. कालचा फरक 11 सेकंद. आईनं चावीचा आवाज ऐकला अन् चुलीपाशी बसल्या बसल्याच म्हणाली, एवढ्या लवकर उठले का तुह्ये बाबा.

यवतमाळच्या भाऊंचं पाण्याचं पटलं. ओलिताच्या दिवशी घडी घरीच. स्मार्टवॉच बायकोला दिली, तिला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, दुपारपर्यंतची बॅटरी तिला पुरते. सोमवारपासून आमच्या फिडरला रात्रीची लाईन आहे, मोबाईल उशाला अन् घडी लांब पेटीवर, असं करून पाहतो.