नियम फक्त युद्धापुरता नाही

वेढ्याच्या काळात फळझाडं तोडू नयेत, हा बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातला (२०:१९) नियम लढाईपुरताच होता, असं या चर्चेत एकाने म्हटलंय. मूळ वचन लढाईचंच आहे, मान्य. पण यहुदी परंपरा तिथे थांबली नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी धर्मपंडिताने आपल्या धर्मसंहितेत स्पष्ट लिहिलं की नासधूस म्हणून फळझाड कुठेही, कधीही तोडलं तरी फटक्यांची शिक्षा. पुढे त्याने भांडी फोडणं, कपडे फाडणं, अन्न वाया घालवणं, अगदी झरा बुजवणंही याच बंदीत आणलं. झऱ्याचा विचार आठशे वर्षांपूर्वी झाला होता, हे मला फार मोलाचं वाटतं!

मात्र झाड इतर झाडांना किंवा दुसऱ्याच्या शेताला नुकसान करत असेल, तर ते तोडायला मायमोनिडीसची मुभा आहे.