इपे आणि कोकोबोलोच्या धनुष्याला तेल लावावं की टणक फिनिश?

बांबूवाला

इकडे अमेरिकेत हाताने लाकडी धनुष्यं करणाऱ्यांमध्ये हा वाद कायमचा आहे आणि माझ्या मते त्यातले बरेच जण अजून चुकीच्या बाजूला आहेत. या मंचावर सागवान-शिसवीवर हयात घालवलेली माणसं वावरतात, म्हणून मांडतो. झोडपायला मोकळीक आहे.

लाँगबो करताना पोटाला, म्हणजे नेमबाजाकडच्या अंगाला, इपे आणि पाठीला बांबूची पट्टी हा जोड हल्ली फार चालतो. इपे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड. घनमीटरला हजार किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे बरेचसे तुकडे पाण्यात सरळ तळ गाठतात. मुठीला कोकोबोलो घालायची हौस असते. ती मध्य अमेरिकेतली, पण आपल्या शिसवीच्याच कुळातली. दोन्ही लाकडं तेलकट.

त्यावर लोक काय चोळतात? बंदुकीच्या दस्त्याला लावतात ते जवसाच्या तेलाचं फिनिश. हिकरीच्या लाकडावर ते झकास बसतं. कोकोबोलोवर मात्र आठवडा उलटला तरी बोटाचा ठसा उमटतो. मग कुणीतरी सांगतं, "अॅसिटोनने पुसून घे." पुसायचं, पुन्हा तेल लावायचं, पुन्हा चिकट.

जवसाचं तेल 'वाळतं' म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यातून मुक्त मूलकांची (चटकन जोडी शोधणाऱ्या अस्थिर रेणूंची) साखळी सुरू होते आणि तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात. शिसवीच्या कुळातली फिनॉलिक द्रव्यं आणि क्विनोन ही नेमकी ती साखळी तोडणारी. म्हणजे लाकूडच तेलाला वाळू देत नाही. अॅसिटोनने वरचा थर जातो, आतला माल शाबूत असतो आणि पुन्हा वर येतो.

चपडी, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मात्र फक्त स्पिरिट उडालं की वाळते. ईपॉक्सी आणि दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) आपापल्या हार्डनरशी, म्हणजे घट्ट करणाऱ्या दुसऱ्या घटकाशी, जोडी जमवून घट्ट होतात, त्यांना या साखळीची गरजच नाही. म्हणून माझं मत असं: मेण काढलेल्या चपडीचे दोन पातळ हात द्यावेत आणि वर पीयू किंवा पातळ केलेलं ईपॉक्सी. तेल या लाकडांना दाखवूसुद्धा नये.

शरसंधान

बांबूवाला दादा, रसायनशास्त्र मान्य. निष्कर्ष नाही.

धनुष्य म्हणजे कपाट नव्हे. पूर्ण ताणलं की पाठीवरचे तंतू जवळजवळ एक टक्का लांबतात आणि पोटावरचे तितकेच दबतात, तेही दर बाणाला. असल्या पृष्ठभागावर कडक थर चढवलात तर आधी टोकांजवळ बारीक रेषा दिसतात आणि मग कडेने पापुद्रे सुटतात. शिवाय टोकाशी चढवलेलं ग्रॅमभर वजनही बाणाचा वेग खातं, आणि तुमची मंडळी तर चार-चार हात देतात. शिकारीला जाणाऱ्यांना ती चकाकीही नको असते, उन्हात लांबून चमकते.

पीयूला टवका गेला तर तेवढाच भरला तरी डाग दिसतो. धड दिसायला हवं तर सगळा बाहू (मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग) घासा. तेल-मेणाचं धनुष्य संध्याकाळी फडक्याने पुसलं की पुन्हा नवं. आणि इपे कुजायचं म्हटलं तरी कुजत नाही हो! न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला समुद्रकाठच्या पायवाटेच्या फळ्या इपेच्या होत्या, लाखो लोकांनी तुडवल्या.

बांबूवाला

ताई, फळ्या वाकत नाहीत. कुजण्याची भीती कुणाला आहे? प्रश्न दमटपणाचा आहे. लाकडाने पाणी ओढलं की धनुष्याचा जोर उतरतो आणि ते वाकलेलं राहतं. पाठीचा बांबू तर इपेपेक्षा कितीतरी चटकन पाणी पितो.

इकडच्या सरकारी लाकूड-संशोधन संस्थेने, मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने, फिनिश लावलेले नमुने 90 टक्के आर्द्रतेत 14 दिवस ठेवून पाहिले होते. जवसाच्या तेलाने बाफ जवळपास अडवलीच नाही. ईपॉक्सीने भरपूर अडवली.

शरसंधान

ते नमुने पाइनचे होते. पाइन आणि इपे यांना एकाच मापाने कसं मोजता? आणि त्याच चाचण्यांत सगळ्यात वरचढ काय ठरलं तेही सांगा की. वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवलेला नमुना!

चपडीबहाद्दर

धनुष्य जन्मात केलं नाही. शिसवीचं फर्निचर मात्र रोज हातात असतं (पुण्यात वर्कशॉप आहे), म्हणून दोघांनाही थोडं थोडं सुनावतो.

अॅसिटोनची खरी भानगड वेगळीच आहे. शिसवीच्या शेजारी फिकट लाकूड असलं आणि तुम्ही ओल्या फडक्याने आडवा हात मारला, की शिसवीतला जांभळा-तपकिरी रंग ओघळ होऊन फिकट लाकडाच्या रेषांत शिरतो. कितीही घासा, तो खोल बसतो. कोकोबोलो तर नारिंगी सोडते म्हणे, म्हणजे मेपलच्या पट्टीचं वाटोळंच. चपडीतलं स्पिरिटही तेच करतं. म्हणून पहिला हात फडक्याने किंवा ब्रशने नाहीच, स्प्रेने धुक्यासारखा. तो सुकला की रंग कोंडला गेला, मग पुढचे हात बिनधास्त.

पुसण्यापेक्षा घासणं महत्त्वाचं. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि त्याच बैठकीत पहिला हात मारा. हौसेने 600 पर्यंत गेलात तर लाकूड काचेसारखं होतं आणि वरच्याला पकड मिळत नाही.

चपडी ताजी भिजवा. स्पिरिटमध्ये वर्षभर पडलेली चपडी चिकटच राहते आणि मग खापर लाकडावर फुटतं.

आता बांबूवाल्यांना: दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. घरच्या गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून ते स्प्रे करायचं? एकदा त्याने दमा जडला की त्या वासालासुद्धा जवळ जाता येत नाही. आमच्याकडे कारागिरांना काडतुसाचा मास्क सक्तीचा आहे. हौशी माणसाला हे सांगायचंच राहून जातं.

आणि ताईंना: नुसती तेल-मेणाची मूठ घामाने काळी पडते. आमच्याकडे शिसवीच्या खुर्च्यांचे हात बघा कधी.

दर्यावर्दी

आमच्या कोकणात सागाच्या होड्यांना पिढ्यानपिढ्या तेलच चोळतात. समुद्राने अजून तक्रार केलेली नाही.

बांबूवाला

केली नाही कारण पावसाळ्यात होडी वर ओढून तुम्ही तेल दर वर्षी पुन्हा चोळता. त्याला मी टिकाऊ फिनिश म्हणणार नाही. सागही तेलकटच, पण तो शिसवीइतका हट्टी नाही. तेल उशिरा का होईना, वाळतं.

चपडीबहाद्दर साहेब, मास्कचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच मी स्वतः ईपॉक्सी फडक्याने पुसून लावतो.

रसायनमास्तर

एक उपसूचना. इपे घासल्यावर पिवळट-हिरवी भुकटी दिसते, त्यात लापाचोल नावाचं रंगद्रव्य असतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ते गडद लाल होतं. तेलकटपणा काढायचा म्हणून कुणी सोडा लावू नका, लाकूड डागाळेल. भुकटी अंगालाही बाधते. कोकोबोलोची तर जास्तच, काहींना कोपरापर्यंत पुरळ येतं.

चपडीबद्दल एक. वरचं पीयू वगळून नुसती चपडी ठेवायची म्हणाल तर मूठ धरण्यापूर्वी सॅनिटायझर लावू नका. अल्कोहोलने थर तिथल्या तिथे विरघळतो.

नवखा नेमबाज

अवांतर विचारू का? असं कोकोबोलोच्या मुठीचं धनुष्य भारतात आणता येतं का?

बांबूवाला

आधी कागद बघा. 2017 पासून शिसवीचं जवळजवळ अख्खं कूळ साइट्सच्या (धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि 2024 च्या नोव्हेंबरपासून इपेही. थोड्या वजनाच्या तयार वस्तूंना काही सवलती आहेत, पण सगळ्या लाकडांना त्या सारख्या नाहीत. विमानतळावर वाद घालण्यापेक्षा निघण्यापूर्वी विचारलेलं बरं.

शरसंधान

मूळ मुद्द्यावर या. मुठीला चपडी आणि वर काहीतरी टणक, हे मी मान्य करते, कारण मूठ वाकत नाही. बाहूंबद्दल हटणार नाही. फायबरग्लासचं धनुष्य असेल तर हा वादच नाही, तिथे बाहूंवर लाकडाची फक्त कड उघडी असते. पण नुसत्या लाकडाच्या बाहूला मी पातळ चपडीचा एक हात आणि वर मेण, एवढंच देईन, आणि मेण दर महिन्याला नवं.

बांबूवाला दादांना पटत नसेल तर एकाच इपेच्या फळीचे दोन सारखे तुकडे करा, दोन्हींच्या पाठीला बांबू चिकटवा. एकावर तुमचं ईपॉक्सी, एकावर माझं मेण. जुलैभर दर्यावर्दींच्या पडवीत टांगा आणि दर रविवारी वजन करा. ज्याचं वजन जास्त वाढेल तो हरला.

दर्यावर्दी

पडवी आहे. ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा तुम्ही पाठवा. आमच्याकडचा मासळीचा आहे, तो विकणाऱ्याच्या बाजूने झुकतो.