दादाची एमजीबी द्यावी का? (घरच्या ग्रुपवरून)

दादा: मंडळी, गाड्यांचं वावडं असेल त्यांनी ग्रुप म्यूट करा. एक गृहस्थ आपल्या एमजीबीच्या (आपली उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार) बदल्यात त्यांची जपानी स्पोर्ट्‌स कार, डॅटसन २४०-झेड, द्यायला तयार आहेत. दोन्ही १९७२च्या. सरळ अदलाबदल, वर एक पैसा नाही. मन झालंय. बोला.

वहिनी: मन कधी नाही झालं?

मामा: अरे विचारतोस काय! सहा सिलिंडर एका ओळीत, २३९३ सीसी. तुझं चार सिलिंडरचं, १७९८. तुझ्या गाडीला मागे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल, झेडला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. घेऊन ये आणि मग ग्रुपवर सांग.

छोटी: बाबा, झेडचं छत उघडतं का?

दादा: नाही गं. कंपनीने उघडी २४०-झेड काढलीच नाही.

छोटी: मग माझं मत नाही.

काका: मामा, तुम्ही म्हणता ते सगळं खरं, पण ते कागदावरचं झालं. मी पत्र्याचं बोलतो. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यामुळे गंज लागला की प्रश्न दिसण्याचा राहत नाही, ताकदीचा होतो. एमजीबीत दाराखालचे सिल कुजले की गाडी मधून बसायला लागते, दाराच्या वरची फट आणि खालची फट सारखी राहत नाही. उघड्या गाडीला तर वरून छपराचा आधारही नाही. पण दादा, तुझे सिल आपण समोर उभं राहून कापून नवे बसवून घेतलेत, आतल्या उभ्या पत्र्यासकट. त्या गाडीत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. झेडच्या जागा वेगळ्या: बॅटरीखालचा ट्रे, फ्लोअरखालून जाणारे रेल, मागच्या चाकापुढचा कोपरा, मागच्या दाराखालची पट्टी. आणि कुजलेल्या रेलवर नवा पत्रा टोपीसारखा चढवून देणारे पुष्कळ असतात. वरून चकाचक, आत भुगा.

दादा: काका, चालवून पाहिली हो. दुसऱ्या गिअरमध्ये जी काही ओढते! आवाज तर अजून कानात आहे. फक्त खिडकी खाली केली की आत धुराचा वास येत होता.

काका: मागच्या दाराचं रबर गेलं असणार. मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर फटीतून आत ओढला जातो. झेडचं जुनंच दुखणं आहे. रबर बदलून जातो बहुतेक वेळा. डॅशबोर्ड कसा आहे?

दादा: वर कव्हर घातलंय.

काका: म्हणजे खाली तडे. उन्हाने जातात ते. धड डॅशबोर्ड मिळवताना इंजिनापेक्षा जास्त दमछाक होते.

ताई: पार्ट्सचं काय? एमजीबीच्या बाबतीत तरी दादाला कधी अडून बसलेलं पाहिलं नाही.

दादा: ते आहेच. १९६२ ते १९८०, पाच लाखांच्या वर बनल्या. १९८८पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते, जुन्या साच्यांतून काढलेली. झेडचं इंजिनाचं सामान मिळतं, आतली सजावट शोधावी लागते.

मामा: पार्ट्स मिळतात म्हणून कोणी गाडी ठेवतं का? भाव बघा! झेडचा भाव कुठच्या कुठे गेला, एमजीबी आहे तिथेच.

वहिनी: मला गाड्यांतलं कळत नाही, एवढंच विचारते. त्यांची गाडी जास्त मोलाची असेल, तर ते वर पैसे का मागत नाहीत?

(बराच वेळ कोणी काही टाकलं नाही.)

ताई: वहिनी 👏

काका: लाखातलं बोललीस. दादा, बॉनेटखालच्या पाटीवर इंजिन नंबर असतो. तो आणि खुद्द इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर, दोन्हींचे फोटो मागव. आणि गाडी लिफ्टवर चढवू देतील का ते विचार.

दादा: फोटो आले. पाटीवर एल२४, म्हणजे २४०-झेडचं मूळ इंजिन; ब्लॉकवर एल२८.

मामा: मग उत्तमच की! पुढच्या मॉडेलचं, २८०-झेडचं इंजिन, २७५३ सीसी. जास्त जोर.

काका: चालवायला उत्तम. मीही बसवलं असतं. पण मामा, तुम्ही आत्ता जो भाव सांगितलात तो मूळ इंजिनाच्या गाडीचा.

दादा: लिफ्टला हो म्हणाले. खाली नुकताच काळा लेप मारून घेतलाय म्हणे, गंज लागू नये म्हणून.

काका: लेप मारायच्या आधीचे फोटो?

दादा: काढले नाहीत म्हणाले.

काका: रेलवर दोन ठिकाणी लेप खरवडून बघू द्या म्हणावं. नंतर आपल्या खर्चाने पुन्हा मारून देऊ.

ताई: ह्याला नाही म्हणायचं काही कारण नाही त्यांना.

दादा: नको म्हणाले. "घ्यायची तर आहे तशी घ्या."

मामा: माणूस गाडीला जपतो, त्यात काय एवढं? मी असतो तर घेतली असती.

वहिनी: तुम्ही घेतली असती आणि मामींनी ढकलली असती.

दादा: नाही कळवलं त्यांना. झेड मला हवीये, ते काही बदललेलं नाही. पण धडक्या सिलची गाडी देऊन काळ्या लेपाखालचं कोडं घ्यायचं नाही. मूळ इंजिनाची, खालून उघडी दाखवणारी मिळाली तर वर पैसे घालीन, सरळ सांगतो.

वहिनी: किती ते आधी मला सांग, मग ग्रुपला. आणि सीटमागच्या त्या दोन सहा-सहा व्होल्टच्या बॅटऱ्या काढून एक बारा व्होल्टची बसवायचं कधीपासून चाललंय, ते तरी कर.

छोटी: छत राहिलं 🎉

मामा: दादा, त्या गृहस्थांचा नंबर पाठव मला. नुसता बघून येतो.

मामी: कोणीही नंबर पाठवू नये.