मदत हवी आहे: सासूबाई माळकरी आहेत आणि चीजमध्ये वासरू निघालं

ऋतुगंध (शुक्रवार, रात्री 11:40)
फार लिहीत बसत नाही, वेळ नाहीये. सासूबाई पुढच्या शनिवारी येताहेत, तीन महिन्यांसाठी. माळकरी आहेत. परवा सहज आमच्या नेहमीच्या चीजवाल्यांना मेल टाकली होती, तर आज उत्तर आलं की ते चीजसाठी दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. पाकिटावर याबद्दल अक्षर नाही! तीन वर्षं आम्ही डब्यात देतोय ते. आता मला सगळ्याचाच संशय यायला लागलाय. कशाकशात असलं काही लपलेलं असतं, कृपया यादी द्या. आणि आम्ही हे खात होतो हे त्यांना सांगावं का? नवरा म्हणतो गप्प बस.

मिरजकर
अमूल घ्या. पाकिटावर हिरवा ठिपका असतो, मायक्रोबियल म्हणजे सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं रेनेट वापरतात. विषय संपला.

वाफाळता_चहा
अमेरिकेत असाल तर रीफ्राइड बीन्सपासून सुरुवात करा, बऱ्याच डब्यांत लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते. मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेलं. वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही मासे, सीझर ड्रेसिंगमध्ये तेच. मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये बीफ फ्लेवर घालतात, त्यावरून 2001 मध्ये सिअ‍ॅटलला खटला झाला आणि पुढच्या वर्षी कंपनीने 1 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. मी तेव्हा नवा नवा आलो होतो. दीड वर्ष जेवण म्हणून तेच खात होतो, विचारू नका.

सुगरण_नाही_मी
ऋतुगंध, कुठे राहता ते लिहिलंच नाहीत. आणि अंडं चालतं का त्यांना? कांदा-लसूण? यावर सगळं अवलंबून आहे.

ऋतुगंध
अहो जर्मनी, श्टुटगार्ट. लिहिलं होतं असं वाटलं. अंडं अर्थातच नाही, माळकरी म्हटल्यावर! कांदा-लसूण एरवी खातात, पण आषाढीची वारी करून येताहेत, चातुर्मासात बंद. मिरजकर, इथे अमूल कुठून आणू?

मिरजकर
इंडियन स्टोअरमध्ये विचारा, म्हणजे झालं.

अभ्यासू_बोका
जर्मनी म्हटल्यावर चित्र वेगळं. मी आखेनला सहा वर्षं होतो. पहिली गोष्ट, इथे 'वेगेटारिश' लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं. आपल्याकडे अंडं असलं की पाकिटावर तपकिरी खूण येते, यांच्याकडे अंडं शाकाहारीच. तेव्हा बिस्किटं, केक, नूडल, सॉस यांवर 'व्हेगन', म्हणजे दूध-अंडंही नसलेलं, असं लिहिलेलं शोधा.

पण एक सोय आहे. अंडं आणि मासे अ‍ॅलर्जीच्या यादीत येतात, त्यामुळे घटकांच्या यादीत ते वेगळे उठून दिसतील असे, बहुतेक ठळक अक्षरांत, छापावेच लागतात. 'आय' किंवा 'फिश' दिसलं की पाकीट खाली ठेवा. डुकराचं जिलेटिन अ‍ॅलर्जीत येत नाही, त्यामुळे 'गेलाटीने' हा शब्द बारीक छापलेल्या यादीत स्वतः हुडकायचा. चघळायच्या गमीत बहुधा असतंच, पण काही दह्यांत, क्वार्कच्या (इथला चक्का) गोड डब्यांत आणि क्रीमच्या केकमध्येही असतं.

चीजबद्दल: रेनेट म्हणजे इथलं 'लाब'. दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातून ते काढतात, त्याने दूध फाटत नाही तर विरजल्यासारखं घट्ट बसतं. कोणतं लाब वापरलं ते छापायची सक्ती नाही. 'मिक्रोबिएलेस लाब' असं आपणहून लिहिलं असेल किंवा शाकाहारी असल्याची पिवळी-हिरवी व्ही-लेबल खूण असेल तेच घ्या. पार्मेजान आणि ग्राना पादानो ही इटालियन चीज कायमची बाद, त्यांच्या नियमातच वासराचं लाब बसवलेलं आहे. ग्राना पादानोत वर सहसा अंड्यातलं लायसोझाइम हे प्रथिनही असतं. आणि म्हणून बाटलीतला हिरवा पेस्तो, ती इटालियन चटणी, तोही तपासायचा, त्यात बहुधा यांतलंच एखादं चीज पडलेलं असतं.

कोकणकडा_77
ताई, पाकिटावर घटकांचे ई नंबर असतात, त्यांची ही यादी फ्रिजवर चिकटवा. ई 100, ई 120, ई 322, ई 330, ई 441, ई 471, ई 542, ई 631, ई 904, ई 920. हे सगळे डुकराच्या चरबीपासून बनतात. आमच्या ग्रुपवर एका डॉक्टरांनी पाठवली आहे. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.

अभ्यासू_बोका
पोचवू नका, कृपा करा. ई 100 म्हणजे कर्क्युमिन, हळदीचा रंग. ई 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. माळकऱ्यांनी हळद सोडायची का आता?

कोकणकडा_77
बाकीचे तर खरे आहेत ना? 471 डुकराचंच असतं, हे सर्वांना माहीत आहे.

अभ्यासू_बोका
471 म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा इमल्सिफायर. ते वनस्पती तेलापासूनही होतं, प्राणिज चरबीपासूनही. आकडा एकच, आणि उगम छापायचं बंधन नाही. म्हणून ज्यावर व्हेगन लिहिलंय त्यातलं 471 बिनधास्त, बाकीच्यात कंपनीला विचारायचं. चव वाढवायला घालतात त्या 631 चंही तसंच, मासे किंवा मांसापासून काढतात, आंबवूनही बनवतात. 120 मात्र नक्की किडा. निवडुंगावरचे कोशिनील किडे वाळवून त्यांचा लाल रंग काढतात, पाकिटावर 'कार्मिन' असंही लिहितात. 904 म्हणजे शेलॅक, आपली लाख. 441 तर युरोपात वापरातच नाही, जिलेटिन नावानेच छापतात.

पिठलंभाकरी
लाख?? म्हणजे बांगड्यांची? लाक्षागृहातली?

अभ्यासू_बोका
तीच. चकचकीत गोळ्यांवर, चॉकलेटच्या मण्यांवर, कधी सफरचंदावरही तिचा लेप असतो. किड्याने झाडाच्या फांदीवर केलेलं आवरण. माळकऱ्यांना चालतं का ते त्यांनीच ठरवावं, मध चालतोच ना आपल्याला.

वर्‍हाडी_ठेचा
मला एक कळत नाही. दूध चालतं, त्या दुधासाठी वासराला बाजूला बांधलेलं चालतं, मग त्याच्या पोटातल्या चार थेंबांवर एवढं काय? व्हेगन व्हा नाहीतर गप्प खा.

सुगरण_नाही_मी
प्रश्न तुमचा नाही. येणाऱ्या बाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, तुमच्या नाही. तत्त्वज्ञानाला वेगळा धागा काढा, मी येते तिथे भांडायला.

ऋतुगंध, दुकानातल्या पाकिटांपेक्षा जास्त धोका बेकरीत आहे. सुट्या ब्रेडला पाकीटच नाही. तुमच्या श्वाबियन भागात ब्रेत्सेलच्या (गाठ मारलेला खारा पाव) पिठात काही ठिकाणी श्माल्ट्स म्हणजे डुकराची चरबी घालतात, बर्लिनर, म्हणजे जॅम भरलेले डोनट, त्यात तळलेलेही मिळू शकतात. 'इस्ट दा श्माल्ट्स द्रिन?' एवढं वाक्य पाठ करा. पण 'बुटरश्माल्ट्स' दिसलं तर घाबरू नका, ते साजूक तूप! मी पहिली दोन वर्षं तो डबा डुकराचा समजून लांबून वळसा घालत होते आणि इंडियन स्टोअरमधून दुप्पट भावाने तूप आणत होते.

ऋतुगंध
अरे देवा, मी अजूनही वळसाच घालतेय. धन्यवाद!! पोराला रोज शाळेतून येताना ब्रेत्सेल घेते, उद्या विचारते. बाहेर जेवायला नेलं तर काय? केज-श्पेट्सले, ते चीजवाले नूडल, शाकाहारी ना?

सुगरण_नाही_मी
श्पेट्सलेचं पीठ अंड्यात भिजवतात. बाद. आणि भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात नाही ना, हे प्रत्येक वेळी विचारायचं.

म्युनिककर_काका
श्टुटगार्टचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तिथले माउलटाशेन माहीत आहेत का? मोठ्या करंजीसारखे, आत खिमा आणि पालक. दंतकथा अशी की उपवासाच्या काळात मठातल्या साधूंना मांस खायचं होतं, ते त्यांनी पिठाच्या आवरणात लपवलं, म्हणजे देवाला दिसायला नको. स्थानिक बोलीत त्यांना 'देवाला फसवणारे' अशाच अर्थाचं नाव आहे. लपवाछपवी जुनी आहे बरं! हल्ली भाजीचेही मिळतात, पण त्यांतही बहुधा अंडं असतं.

पिठलंभाकरी
काका, आपल्याकडे बर्फीवरचा वर्ख घ्या. चांदीचा तुकडा जनावराच्या आतड्याच्या नाहीतर कातड्याच्या पानांमध्ये ठेवून ठोकायची जुनी पद्धत. आमच्या आजीला कळलं तेव्हापासून ती काजूकतलीचा वर्ख सुरीने खरवडून खायची. खरवडून काय उपयोग, पण तिचं समाधान.

वाफाळता_चहा
बेल्जियमला फिरायला नेणार असाल तर फ्राइज जपून. पारंपरिक दुकानांत बैलाच्या चरबीत तळतात. पाटी नसते, विचारायचं. मॅकडोनाल्ड्सवरून मी वर सांगितलंच...

नाशिकची_फार्मसिस्ट
सासूबाई तीन महिन्यांची औषधं घेऊन येणार असतील ना? कॅप्सूल आहेत का त्यात? भारतात कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचंच असतं. औषधांवर हिरवा-तपकिरी ठिपका लावायचं बंधन नाही, त्यामुळे गोळ्यांच्या स्ट्रिपवर काही दिसणार नाही. ड जीवनसत्त्वाच्या त्या आठवड्याला एक घ्यायच्या मऊ गोळ्या तर हमखास. शिवाय आतलं डी 3 सहसा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढलेलं. लोकर कातरतात, मेंढी मरत नाही, पण माहीत असावं.

ऋतुगंध
हे कोणी विचारलं होतं? मी चीजबद्दल विचारलं! त्या गेली चार वर्षं दर रविवारी ती हिरवी पारदर्शक गोळी घेतात. पंढरपूरला जातानाही बरोबर नेतात. आता हे पण मीच सांगायचं?

नाशिकची_फार्मसिस्ट
रागावू नका. मी काउंटरवर रोज माळ घातलेली माणसं बघते म्हणून लिहिलं. गोळी मनाने बंद करू नका, हे आधी. डॉक्टरांना सांगा, त्याच डोसची भुकटीची पुडी मिळते, दुधात घालून घेतात. बाकीच्या कॅप्सूलच्या जागी साधी गोळी चालेल का तेही विचारा. सेल्युलोजच्या कवचाच्या कॅप्सूलही असतात, 'एचपीएमसी' किंवा 'व्हेज कॅप' लिहिलेलं असतं. त्या निघायच्या आधी बदलून घेतलेलं बरं, तिकडे भारतीय चिठ्ठीवर औषध मिळवणं अवघड.

वर्‍हाडी_ठेचा
बघा. म्हणजे चार वर्षं माळ आणि जिलेटिन एकत्र नांदलंच ना.

सुगरण_नाही_मी
ठेचा, बास.

म्युनिककर_काका
सामानावरून आठवलं. पेढे, खवा, तूप, चितळ्यांची बाकरवडी असं काय काय आणतील. बाकरवडी ठीक, पण बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात येताना दूध आणि दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. आमच्या मेहुण्याचे पंढरपुरी पेढे विमानतळावर कचऱ्यात गेले, तोही प्रसाद.

ऋतुगंध
हे बरं केलंत सांगितलंत, दोन किलो तूप बांधून ठेवलंय असं कालच म्हणाल्या.

(शनिवार, दुपारी) ताजी खबर. ब्रेत्सेलवालीला विचारलं. ती म्हणाली, हो, श्माल्ट्स आहे, म्हणून तर छान लागतं! पलीकडच्या बेकरीत लोणी घालतात, आता तिथून. चीज व्ही-लेबलचं आणलं, घरात होतं ते शेजारणीला दिलं. पोराच्या गमी फेकायला गेले तर रडून गोंधळ, मग कात्येस कंपनीच्या आणल्या, त्यात जिलेटिन नाही. सफरचंदाचा स्वच्छ, आरपार दिसणारा रस मात्र आहे घरात, तो तर नुसता रस ना?

अभ्यासू_बोका
हं... स्वच्छ रस नितळ करायला कधीकधी जिलेटिन वापरतात आणि मग गाळून काढतात. गाळलं म्हणून पाकिटावर येत नाही. 'नाटुअरट्र्युब' लिहिलेला गढूळ रस घ्या. तो सहसा तसा नितळलेला नसतो.

ऋतुगंध
मला आता पाण्याचीही भीती वाटायला लागली आहे.

कोकणकडा_77
पाण्यावर पण एक मेसेज आला होता, शोधून टाकतो.

ऋतुगंध
नको!!

आणि नवऱ्याने गप्प बस म्हटलं होतं तरी फोनवर गोळीचं सांगितलंच, चीजचंही. दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, पुडी कुठल्या दुकानात मिळते ते लिहून पाठव, आणि पोराच्या डब्यात आता काय देतेस? फार्मसिस्ट ताई, पुडीबद्दल आभार, मघाशी चिडले त्याबद्दल माफ करा.

पिठलंभाकरी
आता खरा प्रश्न. एकादशीला श्टुटगार्टात साबुदाणा मिळतो का?

ऋतुगंध
त्या आणताहेत. तुपाच्या जागी. चार किलो.