डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन: मधुमेहाच्या डॉक्टरांना नवजात बाळांची मापे का घ्यावी लागली?

अनघा_प

नमस्कार. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. चयापचय, आहार आणि रोग यांच्या संबंधावर आयुष्यभर काम केलेल्या एका शास्त्रज्ञावर मला विभागात सादरीकरण करायचे आहे आणि त्यासाठी मी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची निवड केली आहे. निवडीमागे घरचे कारणही आहे. माझे वडील कायम सडपातळ राहिले, तरी एकेचाळिसाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला आणि तेव्हापासून आमच्या घरात सगळे एकच विचारत आले आहेत, की अंगावर मांस नसलेल्या माणसाला हा आजार होतोच कसा.

मी त्यांचे काही शोधनिबंध वाचले आहेत, परंतु त्यांतला दुवा नीट जुळत नाही. प्रौढांचा मधुमेह हा ज्यांचा विषय, ते डॉक्टर खेड्यातल्या गरोदर स्त्रियांकडे आणि नवजात बाळांकडे कसे वळले? शिवाय जन्मतः वजन कमी असेल तर शरीरात चरबीही कमीच असायला हवी, मग अशा बाळाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

शेखर_म

अनघाताई, तुमच्या वडिलांविषयी घरात जे विचारले जाते, जवळपास तेच डॉ. याज्ञिक यांनाही पडलेले होते. ऑक्सफर्डमधील प्रशिक्षणानंतर ते पुण्यात काम करू लागले, तेव्हा समोर येणारे रुग्ण इंग्रजी पाठ्यपुस्तकातल्या वर्णनाशी जुळत नव्हते. पुस्तकातला टाइप 2 मधुमेहाचा रुग्ण उतारवयाचा आणि लठ्ठ असे, पुण्यातला मात्र तरुण आणि दिसायला बारीक. याचे उत्तर शोधताना ते रुग्णाच्या आयुष्यात मागे मागे जात राहिले, प्रौढापासून बालकापर्यंत, बालकापासून नवजात बाळापर्यंत, तिथून आईपर्यंत आणि शेवटी गर्भधारणेच्याही आधीपर्यंत. सादरीकरणाची मांडणी याच क्रमाने केलीत तर तुम्हाला न जुळणारा दुवा आपोआप दिसेल.

इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधील जन्मनोंदी तपासून, जन्मतः कमी वजन असलेल्यांना पुढे हृदयविकार आणि मधुमेह अधिक होतो, असे दाखवले होते. हे आपल्याकडे लागू पडते का, हे पाहण्यासाठी केईएममध्ये जन्मलेल्या मुलांचाच मागोवा घेण्यात आला. 477 मुलांची आठव्या वर्षी तपासणी करून 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे आढळले, की जन्मतः लहान असलेली आणि आठव्या वर्षी मोठ्या बांध्याची झालेली मुले इन्सुलिन प्रतिरोधाच्या, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देण्याच्या, बाबतीत सर्वांत पुढे होती. म्हणजे नुसते कमी वजन नव्हे, तर कमी वजनानंतरची झपाट्याची वाढ हाही धोक्याचा भाग होता.

यापुढचे काम मला त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोलाचे वाटते. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत, साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या सहकार्याने, माता पोषणाचा अभ्यास सुरू झाला. गरोदर राहण्यापूर्वीच स्त्रियांची मापे घ्यायची असल्यामुळे क्षेत्र-कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा लिहून घेत आणि पाळी चुकली की पुढची तपासणी होई. या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन 42 किलोच्या आसपास होते. बाळाची मापे जन्मानंतर 72 तासांच्या आत घ्यायची असत, मग बाळंतपण रात्री होवो की माहेरी. हे काम कागदावर सोपे दिसते, परंतु सासू-सुनांचा विश्वास मिळाल्याखेरीज पाळीची तारीख कोणी परक्या माणसाला सांगत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेविषयी. पुण्याकडच्या 631 पूर्ण दिवसांच्या बाळांची तुलना साउदॅम्प्टनच्या 338 बाळांशी केली गेली आणि तिचे निष्कर्ष 2003 मध्ये आले. आपली बाळे सरासरी सुमारे 2.7 किलोची, तिथली सुमारे 3.5 किलोची. परंतु सगळ्या मापांत तूट सारखी नव्हती. पोटाचा आणि दंडाचा घेर, म्हणजे पोटातले अवयव आणि स्नायू यांचा अंदाज देणारी मापे, खूपच कमी होती, तर पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली कॅलिपरने (चिमट्यासारख्या मापकाने) मोजलेली, चरबीचा अंदाज देणारी कातडीची घडी जवळजवळ टिकून होती. म्हणजे बाळ एकूण बारीक असले, तरी त्याच्या बारीकपणात स्नायूंचा वाटा फार घटलेला आणि चरबीचा वाटा राखलेला होता. यालाच 'बारीक पण चरबीयुक्त' भारतीय बाळ असे म्हटले गेले. त्याआधीच्या, 2002 च्या एका निबंधात पुण्याच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात, वजन कमी असूनही, लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिन अधिक सापडले होते. शरीरात साखर शोषून घेण्याचे मुख्य काम स्नायूंचे असते, हे तुम्ही जाणताच. तेव्हा वडिलांविषयीच्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर इथे आहे: वजनकाटा स्नायू किती आणि चरबी किती हे सांगत नाही.

सादरीकरणात 2004 सालचे छायाचित्र जरूर दाखवा. त्यात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3 आहे, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के आहे. शोधाचा विषय म्हणून त्यांनी स्वतःचेच शरीर पुढे केले, याचे मला फार कौतुक वाटते.

वैदेही_आहार

शेखरजींच्या प्रतिसादात आईच्या ताटाविषयी भर घालते, कारण आहारतज्ज्ञ म्हणून या अभ्यासाने माझी सल्ला देण्याची पद्धत बदलली. त्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांच्या आहारात दिवसाला साधारण 1800 किलोकॅलरी आणि 45 ग्रॅम प्रथिने होती. आगरकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात बाळाच्या आकाराचा संबंध एकूण उष्मांकाशी किंवा प्रथिनांशी दिसला नाही. दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या किती वेळा खाल्ल्या, याच्याशी मात्र तो दिसला. तेव्हा गरोदर सुनेला 'दोघांचे जेव' म्हणून भाकरी वाढवत राहण्यापेक्षा तिच्या ताटात मेथी, शेपू, माठ आणि वाटीभर दूध येते का, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

दुसरी बाब बी-12 जीवनसत्त्वाची. याच स्त्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-12 कमी होते, तर फोलेट (गोळीतले फॉलिक अॅसिड हे याचेच रूप) कमी असलेली फक्त एक होती. मुले सहा वर्षांची झाल्यावर असे दिसले, की ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिन प्रतिरोध सर्वाधिक होता. बी-12 वनस्पतींतून मिळत नाही आणि आपल्याकडे शाकाहार किंवा क्वचितच मांसाहार, त्यातही दूध चहापुरते, हे चित्र सर्रास असल्यामुळे हा निष्कर्ष आपल्या घराघराशी संबंधित आहे.

येथे एक विनंती आहे. हे वाचून कोणीही गरोदरपणातील फॉलिक अॅसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोष टाळण्यासाठी त्या आवश्यक आहेत. सोबत बी-12 तपासावे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

निनाद_ज

माझी एक शंका आहे. हे सर्व केवळ अनुवंशिकतेमुळे असू शकत नाही का? भारतीयांची जनुकेच तशी असतील, तर आईच्या आहाराला एवढे महत्त्व कशासाठी द्यायचे? शिवाय निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

शेखर_म

निनादजी, शंका रास्त आहे आणि जनुकांचा वाटा कोणी नाकारत नाही. परंतु 2015 मध्ये आनंदवर्धन हर्डीकर, डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला उंदरांवरचा प्रयोग पाहावा. 50 पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवलेल्या उंदरांमध्ये इन्सुलिन प्रतिरोध आणि बी-12 ची कमतरता आढळली, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर आहार देऊनही हा चयापचयातला बिघाड सुधारला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार शरीरावर जी छाप सोडते, ती बाहेरून पाहणाऱ्याला अनुवंशिकतेसारखीच दिसू शकते.

कारण सिद्ध करण्याविषयी तुम्ही म्हणता ते खरे आहे, आणि म्हणूनच 2012 मध्ये त्याच गावांत पुढचा टप्पा सुरू झाला. 1993 नंतर जन्मलेली तीच बाळे आता किशोरवयात आली होती. त्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागून काहींना रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12, काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये, तर काहींना निष्क्रिय गोळी देण्यात आली, आणि त्यांना पुढे होणाऱ्या बाळांची तपासणी ठरवण्यात आली. ज्या मुलीला 72 तासांच्या आत कोणी वजनकाट्यावर ठेवले होते, तिच्याच बाळाची मापे घ्यायला तेच संशोधक पुन्हा येतात, असे काम करायला वीस-वीस वर्षे एका जागी टिकून राहावे लागते.

अनघा_प

सर्वांचे मनापासून आभार. सादरीकरण आता रुग्णापासून मागे आईपर्यंत या क्रमाने मांडते. काल आजीला विचारले, तर बाबा जन्मले तेव्हा 'मुठीएवढे' होते आणि त्या वर्षी गावात दुष्काळ होता, असे ती म्हणाली. वजनाची नोंद अर्थातच कुठेही नाही. वैदेहीताई, बाबा शाकाहारी आहेत आणि बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत आहेत. त्या औषधानेही बी-12 कमी होते असे वाचले. त्यांची तपासणी करून घ्यावी का?

वैदेही_आहार

होय, अवश्य. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-12 कमी होऊ शकते आणि शाकाहारी व्यक्तीत ती शक्यता आणखी वाढते. पायांना मुंग्या येणे किंवा बधिरपणा असेल तर तो केवळ मधुमेहाचा समजून सोडून देऊ नये. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे दोन्ही सांगा, औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.